साओ पाउलो महानगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राझीलबद्दल आपल्याकडे जे थोडंफार लिहिलं जातं ते बहुतेक रिओ, ॲमेझॉन आणि फुटबॉल यांच्याबद्दल. त्या देशातल्या सगळ्यात मोठ्या महानगराचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. ज्यांना शहरं कशी वाढतात यात रस आहे, ज्यांना कामानिमित्त तिकडे जायचं आहे, किंवा ज्यांना मुंबई-पुण्याच्या प्रश्नांकडे जरा लांबून बघायचं आहे, अशांच्या मनात येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं चार ओळींत संपतात, काहींना पानभर जागा लागते.

साओ पाउलो म्हणजे शहर, की राज्य?

दोन्ही, आणि शिवाय एक महानगर प्रदेशही. साओ पाउलो हे ब्राझीलचं सर्वाधिक लोकसंख्येचं राज्य. त्याची राजधानी साओ पाउलो शहर: क्षेत्रफळ १,५२१ चौरस किलोमीटर, २०२२च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी १४ लाख. या शहराला चिकटून ग्वारुल्योस, ओझास्को, सांतो आंद्रे, साओ बेर्नार्दो, दियादेमा अशी गावं आहेत. राजधानी धरून अशी एकूण ३९. या सगळ्यांचा मिळून महानगर प्रदेश होतो. त्यात २ कोटी ७ लाखांच्या आसपास लोक राहतात. परदेशातून येणारं विमान उतरतं तेसुद्धा साओ पाउलोत नाही, ग्वारुल्योसमध्ये; आणि हे 'उपनगर' स्वतःच १३ लाखांच्या घरातलं शहर आहे.

या पानावर मुख्यतः या अख्ख्या महानगराबद्दल लिहिलं आहे.

एवढं मोठं शहर समुद्रकाठी का नाही?

वसाहतींच्या काळात वाढलेली शहरं म्हणजे बंदरं, हे आपल्या डोक्यात मुंबई, कोलकाता, चेन्नईमुळे पक्कं बसलेलं आहे. ब्राझीलमध्येही रिओ, साल्वादोर, रेसिफे ही बंदरंच. साओ पाउलो मात्र घाटमाथ्यावर आहे. खाली किनाऱ्यावर सांतोस बंदर, मग सेर्रा दो मार ही जंगलानं भरलेली डोंगररांग एकदम सातशे-आठशे मीटर चढते, आणि वर पठारावर, साधारण ७६० मीटर उंचीवर, हे शहर. म्हणजे जागा मुंबईची नाही, पुण्याची. नदीसुद्धा आपल्या घाटमाथ्यावरच्या नद्यांसारखीच वागते: तिएते समुद्रापासून जेमतेम २२ किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून हजारभर किलोमीटर आत, पाराना नदीपर्यंत वाहत जाते.

२५ जानेवारी १५५४ रोजी मानुएल दा नोब्रेगा आणि जोझे दे आन्शिएता या जेझुइट पाद्र्यांनी इथल्या एका टेकाडावर, दोन ओढ्यांच्या बेचक्यात, तूपी आदिवासींना ख्रिस्ती करण्यासाठी शाळा उघडली. तो दिवस संत पॉलच्या सणाचा, म्हणून नाव साओ पाउलो. किनाऱ्यापासून तुटलेलं हे गाव गरीब होतं. तिथल्या लोकांनी पोट भरायला आतल्या मुलखाची वाट धरली. सतराव्या शतकात 'बान्देइरान्ते' म्हटल्या जाणाऱ्या टोळ्या इथून निघायच्या, महिनोन्महिने रानात फिरायच्या, सोनं शोधायच्या आणि आदिवासींना पकडून गुलाम म्हणून आणायच्या. पुढे याच टोळ्यांना शहराचे शूर पूर्वज ठरवण्यात आलं. महामार्गांना त्यांची नावं आहेत, राज्यपालांच्या निवासाचं नावही तेच. २०२१ साली त्यांच्यातल्याच एकाच्या, बोर्बा गातोच्या, भल्यामोठ्या पुतळ्याला आंदोलकांनी आग लावली तेव्हा हा वाद जगभर पोचला. आणि ज्यांना पकडून आणलं जायचं त्यांचे वंशज? ग्वारानी लोकांच्या वस्त्या आजही शहराच्या हद्दीत आहेत: वायव्येला जारागुआच्या डोंगरापाशी आणि दक्षिणेला पारेल्येइरोसकडे.

मग वाढ नेमकी कधी सुरू झाली?

फार उशिरा. ब्राझीलच्या स्वातंत्र्याची घोषणा १८२२ साली इथल्याच इपिरांगा ओढ्याकाठी झाली, काही वर्षांत कायद्याचं महाविद्यालयही आलं; पण १८७२च्या पहिल्या राष्ट्रीय जनगणनेत शहराची वस्ती भरली फक्त ३१ हजारांच्या आसपास. १८९० साली ती ६५ हजार होती आणि १९०० साली २ लाख ४० हजार. दहा वर्षांत जवळजवळ चौपट! १९५० साली २२ लाख, १९७० साली ५९ लाख, १९८० साली ८५ लाख. हे सगळे आकडे फक्त मुख्य शहराचे, भोवतालची गावं सोडून.

या उडीचं कारण एका शब्दात सांगायचं तर कॉफी. पण कॉफी शहरात पिकत नव्हती. ती पिकायची आत, काम्पिनास आणि त्यापलीकडच्या लाल मातीत, आणि जहाजात चढायची सांतोसला. मधे घाट. १८६७ साली एका इंग्रज कंपनीनं सांतोस ते जुन्दियाई हा १३९ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू केला. घाटाच्या चढणीवर डबे दोरखंडानं ओढून वर घ्यावे लागत. आतल्या मळ्यांकडून येणाऱ्या सगळ्या गाड्यांना समुद्राकडे उतरायला हाच एक रस्ता. त्यामुळे घाटाच्या तोंडाशी असलेल्या साओ पाउलोत दलाल आले, बँका आल्या, गोदामं आली आणि मळेवाल्यांचे वाडे आले. १८९१ साली उघडलेला आवेनिदा पाउलिस्ता हा रस्ता मुळात असल्याच धनिकांच्या हवेल्यांसाठी आखलेला. घाटमाथ्यावर रेल्वेच्या इंग्रज कर्मचाऱ्यांसाठी वसवलेलं पारानापियाकाबा हे गाव अजून तसंच आहे. धुक्यात, लाकडी घरांसकट.

इथे इटालियन, जपानी, अरब एवढे कसे?

मळ्यांवर राबणारे लोक गुलाम होते. ब्राझीलनं गुलामगिरी १३ मे १८८८ रोजी रद्द केली, अमेरिका खंडांतल्या सगळ्या देशांच्या शेवटी. मुक्त झालेल्या काळ्या मजुरांना जमीन द्यावी, मजुरी द्यावी, असा मार्ग समोर असताना साओ पाउलोच्या मळेवाल्यांनी सरकारी पैशानं युरोपातून मजूर आणायचं ठरवलं. देश 'गोरा' करायचा ही इच्छा त्यामागे उघडपणे बोलली जात होती. या शहराची संपत्ती आणि त्यातली विषमता या दोन्हींचं मूळ मला या एका निर्णयात दिसतं. काळी वस्ती कुठे आणि गोरी कुठे, हे आज शहराच्या नकाशावरही वाचता येतं.

आलेल्यांना उतरवण्यासाठी ब्रास भागात १८८७ साली एक अवाढव्य धर्मशाळा सुरू झाली. तिच्यातून पुढच्या नव्वद वर्षांत सुमारे २५ लाख माणसं गेली; आज तिथे स्थलांतराचं संग्रहालय आहे. सुरुवातीला इटालियन सर्वांत जास्त. १८९३च्या शहर-गणनेत तर निम्म्याहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले निघाले. १८ जून १९०८ रोजी 'कासातो मारू' हे जहाज सांतोसला ७८१ जपानी घेऊन आलं. त्यांच्या नातवंड-पतवंडांमुळे जपानबाहेर जपानी वंशाचे सर्वाधिक लोक ब्राझीलमध्ये, आणि त्यातले बहुतेक याच राज्यात आहेत. सीरिया-लेबनॉनच्या फेरीवाल्यांनी २५ मार्च नावाच्या रस्त्यावर कापडाचा घाऊक बाजार उभा केला. नंतर बोम रेतिरोमध्ये कोरियन आले आणि शिलाईच्या कारखान्यांत बोलिव्हियन. बोलिव्हियन मजुरांची अवस्था वाईट असते. तळघरात शिवायचं आणि तिथेच झोपायचं, अशी प्रकरणं कामगार निरीक्षकांनी वारंवार उघडकीला आणली आहेत.

कॉफीचं शहर कारखान्यांचं कसं झालं?

पैसा होता, रेल्वे होती, मजूर होते, आणि १९००च्या आसपास टोरांटोत स्थापन झालेली 'लाइट' ही कंपनी वीज आणि ट्राम घेऊन आली. ब्रास, मोओका या भागांत रेल्वेच्या कडेनं कापडगिरण्या उभ्या राहिल्या. १९१७ साली मोओकातल्या एका गिरणीतून सुरू झालेला संप बघता बघता शहरभर पसरला. १९२९ला जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले, तरी शहर खचलं नाही. गुंतवणूक कारखान्यांकडे वळली.

दुसरी लाट मोटारींची. १९४७ साली घाटातून सांतोसकडे आन्शिएता महामार्ग झाला आणि १९५०-६०च्या दशकांत त्याच्या कडेला फोक्सवागन, मर्सिडीज, स्कानिया वगैरे कंपन्या आल्या. सांतो आंद्रे, साओ बेर्नार्दो, साओ काएतानो या तीन गावांच्या आद्याक्षरांवरून या पट्ट्याला 'आबेसे' म्हणतात. लष्करी राजवटीत संपाला बंदी असताना १९७८च्या मे महिन्यात साओ बेर्नार्दोच्या स्कानियातले कामगार यंत्रांपाशी हात बांधून उभे राहिले आणि पुढची दोन वर्षं हा पट्टा धुमसत राहिला. तिथल्या धातुकामगार संघटनेचे अध्यक्ष म्हणजे लुइझ इनासिओ लुला दा सिल्वा, जे पुढे ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचा मजूर पक्ष १९८०च्या फेब्रुवारीत साओ पाउलोतच स्थापन झाला.

आता तिथलं चित्र वेगळं आहे. फोर्डनं साओ बेर्नार्दोचा कारखाना २०१९ साली बंद केला. गिरणगावाचं जे लालबाग-परळमध्ये झालं, ते वाचकांना माहीत आहेच. मोओकातही जुन्या गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत.

लुलांचं नाव आलंच आहे, तर ते मूळचे साओ पाउलोचे का?

नाहीत, आणि इथेच विसाव्या शतकातली खरी गोष्ट सुरू होते. लुला १९५२ साली सात वर्षांचे असताना आईबरोबर पेर्नाम्बुकोहून मालट्रकच्या हौद्यात, लाकडी फळ्यांवर बसून, तेरा दिवसांचा प्रवास करून या राज्यात आले. दुष्काळी ईशान्य ब्राझीलमधून अशीच लाखो कुटुंबं आली. १९३०नंतर युरोपातली आवक आटली आणि कारखान्यांना माणसं हवी होती. इमारती बांधल्या त्यांनी, मेट्रोचे बोगदे खणले त्यांनी, घरकामाला आल्या त्या त्यांच्याच बायका. तरी 'बाइयानो' हा शब्द साओ पाउलोत अनेक वर्षं शिवीसारखा वापरला गेला, मग माणूस बाइया राज्याचा असो वा नसो. 'बाहेरचे आले' ही तक्रार ज्या शहरात ऐकू येते तिथल्या भिंती कोणी रचल्या हे एकदा विचारून बघावं.

एवढी माणसं राहिली कुठे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. साओ पाउलोचा बहुतांश भाग ना बिल्डरनं बांधला, ना सरकारनं. तो राहणाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी, रविवारी-रविवारी बांधला.

आधी कामगार भाड्यानं राहायचे: चाळीसारखे 'कोर्तिसो', एका खोलीत एक कुटुंब, संडास-मोरी सामाईक. १९४२ साली सरकारनं भाडी गोठवली. भाडेकरूंना दिलासा मिळाला, पण भाड्यानं द्यायला घरं बांधणं मालकांना परवडेना, आणि जुने भाडेकरू काढून इमारती पाडण्याचा सपाटा सुरू झाला. त्याच सुमारास ट्रामऐवजी बस आली. ट्रामला रूळ लागतात, बसला कच्चा रस्ताही पुरतो. मग जमिनीच्या व्यापाऱ्यांनी शहराबाहेरची शेतं आणि टेकड्या घेतल्या, फक्कीनं आखल्यासारखे प्लॉट पाडले आणि महिन्याच्या हप्त्यावर विकले. पाणी नाही, गटार नाही, वीज नाही, कित्येकदा कागदही धड नाहीत. आणखी एक युक्ती होती: शहराला लागून असलेली जमीन मुद्दाम रिकामी ठेवायची आणि आधी लांबची विकायची. लांबच्या वस्तीनं भांडून रस्ता, बस, दिवे आणले की मधल्या रिकाम्या जमिनीचा भाव आपोआप चढतो. नुसतं बसून राहणाऱ्याला दुसऱ्याच्या भांडणाचं फळ!

घेणारा काय करायचा? आधी मागच्या बाजूला एक खोली, न गिलावा केलेल्या विटांची. भाडं वाचलं की दुसरी खोली. मग स्लॅब. स्लॅबच्या दिवशी शेजारीपाजारी, गाववाले, मेहुणे गोळा व्हायचे, माणसांची साखळी करून काँक्रीट वर चढवायचे आणि मालक त्यांना पोटभर जेवू घालायचा. स्लॅबवर मुलगा लग्नानंतर वरचा मजला चढवणार, हे तेव्हाच ठरलेलं असायचं. एक घर पुरं व्हायला पंधरा-वीस वर्षं लागत. आबेसे पट्ट्यातलं दियादेमा १९६० साली सुमारे १२ हजार वस्तीचं होतं. १९८० साली तिथे सव्वादोन लाखांहून जास्त लोक होते.

या काठावरच्या मुलखाला 'पेरिफेरिया' म्हणतात. कारखान्यांना मजुरी कमी ठेवता आली याचं एक कारण हेच की मजूर आपलं घर फुकटच्या श्रमांनी आणि सुटीच्या दिवशी बांधत होता. शहराचा 'चमत्कार' म्हणून जे सांगितलं जातं त्याचा हा न लिहिलेला खर्च आहे. पुढे १९७०-८०च्या दशकांत याच वस्त्यांमधून, बऱ्याचदा चर्चच्या आवारात, बायकांनी पुढाकार घेऊन पाणी, दवाखाने आणि पाळणाघरांसाठी लढे उभारले. गटारं आणि डांबरी रस्ते आले ते बहुतांशी त्या लढ्यांमुळे.

म्हणजे पेरिफेरिया आणि फावेला एकच?

नाही. पेरिफेरियातल्या माणसानं प्लॉटचे पैसे मोजलेले असतात, कागद कच्चे असले तरी. फावेला म्हणजे दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीवर उभी राहिलेली वस्ती. साओ पाउलोत फावेला मोठ्या संख्येनं वाढल्या त्या १९७०नंतर, हप्त्याचा प्लॉटही परवडेनासा झाल्यावर. शहरातली सर्वांत मोठी पाराइझोपोलिस. २०२२च्या जनगणनेत तिथे ५८ हजारांवर लोक मोजले गेले. श्रीमंत मोरुम्बीच्या टॉवरांना ती अगदी खेटून आहे, आणि तो फोटो विषमतेच्या प्रत्येक लेखात छापला जातो. पण त्या फोटोनं जरा दिशाभूल होते. या महानगरात गरीब आणि श्रीमंत सहसा शेजारी राहत नाहीत. त्यांच्यात दोन तासांचं अंतर असतं.

मग वाहतुकीचं काय? सगळे हेलिकॉप्टरनं तर फिरत नसतील!

नाही. हेलिकॉप्टरांचा ताफा जगातल्या मोठ्या ताफ्यांपैकी आहे हे खरं, पण ती मूठभरांची सोय. बाकीचे बसमध्ये उभे असतात.

१९३०च्या, अभियंता प्रेस्तेस माया यांच्या योजनेपासून शहरानं रुंद रस्त्यांवर भर दिला, नद्यांच्या दोन्ही काठांनी महामार्ग नेले. १९७१ साली दाट वस्तीतून, तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना घासून जाणारा मिन्योकाओ हा उड्डाणपूल झाला. आता तो रात्री आणि शनिवार-रविवारी वाहनांना बंद असतो आणि लोक त्यावर फिरायला जातात. मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला सप्टेंबर १९७४मध्ये, आणि अर्धं शतक उलटल्यावरही तिची लांबी शंभर किलोमीटरच्या आसपासच आहे. उपनगरी रेल्वे वेगळी. पूर्वेकडून इताकेराहून येणारी लाल मार्गिका सकाळी बघितली की मुंबईकराला परकं वाटणार नाही.

१९९७पासून 'रोदिझिओ' आहे: नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातला एक दिवस गर्दीच्या वेळी गाडी मध्यभागात आणायची नाही. पैसेवाल्यांनी त्यावर दुसरी गाडी घेऊन तोडगा काढला. तिकिटाचा प्रश्न मात्र इथे नेहमी पेटतो. जून २०१३मध्ये देशभर झालेल्या प्रचंड निदर्शनांची ठिणगी साओ पाउलोतल्या २० सेंताव्होंच्या, म्हणजे तिथल्या २० पैशांच्या, भाडेवाढीनं पडली. डिसेंबर २०२३पासून शहर बस रविवारी मोफत आहे.

तिएते नदीला एवढा वास का येतो?

कारण ती सांडपाण्याची वाट झाली. पण पिन्येरोस या उपनदीची कथा अधिक चमत्कारिक आहे. 'लाइट' कंपनीला वीज हवी होती आणि समोर सातशे मीटरांहून जास्त उंचीचा कडा होता. पठारावरचं पाणी घाटाखाली सोडून टर्बाइन फिरवायचं, हे खोपोलीच्या टाटांच्या वीजघराचंच तत्त्व. घाटाखालच्या कुबातांवचं वीजघर १९२६ साली सुरू झालं. पाणी कमी पडू लागलं तेव्हा कंपनीनं पिन्येरोस सरळ केली, तिच्यावर पंप बसवले आणि नदीच उलटी वाहायला लावली, बिलिंग्स जलाशयाकडे. या कामासाठी पुराखाली येणारी जमीन ताब्यात घ्यायचा हक्क कंपनीला होता. १९२९च्या मोठ्या पुरात पाणी जिथवर चढलं ती रेषा धरली गेली, आणि तो पूर कंपनीनं धरणाचं पाणी सोडून वाढवला असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. ती पूरजमीन आज शहरातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी आहे.

शहराचं सांडपाणी अशा रीतीनं बिलिंग्समध्ये गेलं. तसं पंपिंग १९९२नंतर, पुराचे प्रसंग सोडून, थांबवलं गेलं. त्याआधी १९७५-७६मध्ये जलाशयांभोवती बांधकामाला कडक बंदी घालणारे कायदे झाले होते. हेतू चांगला, परिणाम उलटा: कायदेशीर विकास बंद झाल्यानं जमीन स्वस्त झाली आणि तिथेच बेकायदा प्लॉट पडले. आज लाखो लोक पिण्याच्या पाण्याच्या काठावर राहतात.

२०१४-१५च्या दुष्काळात कान्तारेइरा ही सर्वांत मोठी जलयोजना इतकी आटली की धरणाच्या दारांखालचं, तळातलं पाणी पंपानं उपसावं लागलं. त्याआधी ती सुमारे ९० लाख लोकांना पाणी पुरवत होती. सरकार 'रेशनिंग' हा शब्द टाळत होतं. रात्री नळाचा दाब कमी केला जाई, आणि उंचावरच्या, टोकाच्या घरांना त्याचा अर्थ लगेच कळे.

शहराचा मध्य कुठला?

विचाराल त्यावर अवलंबून आहे. जुना मध्य म्हणजे पाद्र्यांच्या शाळेचं टेकाड, १९२९चा मार्तिनेल्ली टॉवर आणि वास्तुकार नीमायरनं आखलेली, नागमोडी, १,१६० घरांची कोपान इमारत. १९६०-७०च्या दशकांत बँका पाउलिस्तावर गेल्या, पुढे फारिया लिमा आणि बेरिनी या रस्त्यांकडे, पिन्येरोसच्या दिशेनं. श्रीमंती दर पिढीला नैर्ऋत्येकडे सरकत गेली आणि मागे रिकाम्या इमारती उरल्या. १ मे २०१८ रोजी अशाच एका चोवीस मजली इमारतीला आग लागून ती कोसळली. घर नसलेली शेकडो माणसं त्यात राहत होती.

एफएसआयवर बोलणाऱ्यांसाठी एक तपशील: २०१४च्या विकास आराखड्यानं शहरभर मूळ चटईक्षेत्र १ ठेवलं, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाइतकंच बांधकाम; त्यावर बांधायचं तर महापालिकेला पैसे मोजायचे. फारिया लिमासारख्या भागांत या जादा बांधकामहक्कांचे रोखे लिलावात विकले जातात. पण तो पैसा त्याच भागात खर्च करायचा असा नियम असल्यानं श्रीमंत भाग आणखी नटतो. कल्पना हुशारीची आहे, वाटप मात्र फसलेलं.

रस्त्यावर जाहिरातीचे फलक नसतात, हे खरं?

हो. २००६ साली संमत झालेला 'स्वच्छ शहर' कायदा १ जानेवारी २००७पासून लागू झाला आणि होर्डिंग उतरली. दुकानांच्या पाट्यांच्या आकारावरही बंधन आलं. मोकळ्या झालेल्या भिंतींवर भित्तिचित्रं आली. टोकदार काळ्या अक्षरांचं 'पिशासांव' हे बेकायदा लेखन तर आधीपासूनच होतं.

हे सगळं चालवतं कोण?

३९ नगराध्यक्ष आणि एक राज्य सरकार. महानगर प्रदेश १९७३ साली लष्करी राजवटीतल्या कायद्यानं, देशातल्या आणखी सात प्रदेशांबरोबर, निर्माण झाला. पण त्याला स्वतःचं निवडून आलेलं सरकार कधीच मिळालं नाही. मेट्रो राज्याची, शहर बस पालिकेची, गावागावांमधली बस पुन्हा राज्याकडे. पाणी पुरवणारी साबेस्प ही राज्याची कंपनी होती, तिचं २०२४ साली खासगीकरण झालं. करांचं उत्पन्न मात्र ज्याच्या हद्दीत कारखाना किंवा कार्यालय त्याचं. म्हणून देशात मानवी विकास निर्देशांकात अव्वल ठरलेलं, पंधरा चौरस किलोमीटरचं साओ काएतानो आणि उत्तर टोकाचं गरीब फ्रान्सिस्को मोरातो एकाच महानगरात असतात. मोरातोत माणूस फक्त झोपायला येतो. त्याच्या दिवसभराच्या कामाचा कर दुसरीकडेच जमा होतो. आबेसे पट्ट्यातल्या सात गावांनी १९९० साली स्वतःहून संघ केला, तो अपवाद.

अजून वाढतंय का?

मुख्य शहर जवळपास थांबलं आहे: २०१०ला १ कोटी १२ लाख, २०२२ला १ कोटी १४ लाख. मेट्रोजवळ लहान-लहान फ्लॅटांचे टॉवर झपाट्यानं उठताहेत, जनगणनेत साडेपाच लाखांहून अधिक घरं रिकामी सापडली, आणि तरीही काठावर नवे प्लॉट पडतच आहेत. वाढ आता आणखी बाहेर, काम्पिनास, सोरोकाबा, साओ जोझे या शहरांच्या दिशेनं पसरते आहे.

सुरक्षित आहे का?

खुनांचं प्रमाण २०००नंतर खूप घटलं. त्याचं श्रेय पोलिसांचं, शस्त्रबंदीचं, की तुरुंगांतून चालणाऱ्या पीसीसी या टोळीनं गुन्हेगारीवर बसवलेल्या एकाधिकाराचं, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पाहुण्याला धोका मुख्यतः मोबाइल हिसकावला जाण्याचा.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं कसं?

साध्या खानावळींत आठवड्याचा बेत ठरलेला असतो: सोमवारी विरादो, बुधवारी आणि शनिवारी फेइजोआदा. दोन्हींत डुकराचं मांस. पण वजनावर पैसे घेणाऱ्या जेवणघरांत भात, काळा किंवा तपकिरी घेवडा, भाज्या, कोशिंबिरी हवं ते वाढून घेता येतं. आठवडी बाजारात चीजचा तळलेला 'पास्तेल' आणि सोबत उसाचा रस घ्यावा. पिझ्झ्याबद्दल इथले लोक इटालियनांशीही वाद घालतात.

दोन-तीन दिवस असतील तर काय बघावं?

रविवारी पाउलिस्ता वाहनांना बंद असतो, तेव्हा तिथे चालावं आणि लीना बो बार्दी यांनी आखलेलं मास्प संग्रहालय बघावं. खाली ७४ मीटर लांबीची मोकळी जागा सोडून ते चार खांबांवर उभं आहे. ब्रासचं स्थलांतर संग्रहालय चुकवू नये. एक दुपार दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या गाडीत बसून शेवटच्या स्थानकापर्यंत जावं आणि परत यावं. खिडकीतून न गिलावा केलेल्या विटांचा जो मुलूख सरकत जातो, तो या पानाचा अर्धा विषय आहे.

इंग्रजीवर भागतं का?

विमानतळावर आणि मोठ्या हॉटेलांत भागतं, बसमध्ये आणि बाजारात नाही. थोडी पोर्तुगीज शिकून जावी. वेळेत भारत साडेआठ तास पुढे आहे. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथे दुपारचे साडेचार झालेले असतात, त्यामुळे इकडच्या कार्यालयात फोन करायचा तर सकाळी उठल्याउठल्या करावा.